इंग्रजीत मी उद्धट का वाटतो?

तुम्ही विचारलंय की मी परभणीकडचा, पुण्यात नोकरीला आहे, माझं व्याकरण चुकत नाही, तरी परदेशी ग्राहकांना माझे मेल उद्धट वाटतात, काय करू?

मी लातूरला इंग्रजी शिकवते. मराठी शाळेतून आलेल्या लेकरांची हीच अडचण असते. तुमच्या वळणात काही कमी नाही, हे आधी मनात पक्कं करा. आपली अदब क्रियापदात असते. 'सांग'चं 'सांगा' केलं की मान दिला, 'सांगा की' म्हटलं की आपुलकीही आली. इंग्रजीत ही सोयच नाही. तिथंही एकेरी 'दाऊ' होतं, पण 17व्या शतकात ते रोजच्या बोलण्यातून मागं पडत गेलं आणि सगळ्यांना एकच 'यू' उरलं. म्हणून 'सेंड मी द फाइल' लिहिताना तुमच्या मनात 'पाठवा' असतं, वाचणाऱ्याला मात्र 'पाठव' ऐकू येतं.

नुसतं 'प्लीज' लावून हे भागत नाही. 'प्लीज सेंड द फाइल टुडे' हा हुकूमच राहतो. हुकूम सोडून विचारायचं: 'कुड यू सेंड मी द फाइल टुडे?' 'कॅन'पेक्षा 'कुड' मऊ, 'विल'पेक्षा 'वुड' मऊ. रूप भूतकाळाचं, काम आत्ताचं. हे आपल्याला नवं नाही. तहसीलमध्ये गेल्यावर आपणही 'साहेब, जरा काम होतं' असंच म्हणतो. काम तर अजून व्हायचंच असतं! काळ मागं सरकवला की समोरच्यावरचा दाब कमी होतो, त्याला नाही म्हणायला वाव राहतो. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' ही त्यापुढची पायरी. ती मोठ्या कामासाठी ठेवा, दर मेलात नको. 'आय वॉन्ट'च्या जागी 'आय वुड लाइक' मात्र आजपासूनच लिहा.

फोनवर आपलं 'बोला' आदराचं असतं, पण 'टेल मी' तुटक लागतं. 'हाउ कॅन आय हेल्प यू?' म्हणा.

नकाराचं जास्त जपा. आपल्याकडं 'बघू' म्हटलं की समोरचा समजून घेतो. 'आय विल सी' ऐकून तिकडचा माणूस खरंच वाट बघत बसेल. 'आय ॲम अफ्रेड वी कान्ट डू धिस बाय फ्रायडे' असं लिहा, लगेच कारण द्या आणि कधी जमेल तेही सांगा.

घरच्या माणसाचे आभार मानणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. तिकडं साध्या उत्तरालाही 'थँक यू' लागतं, तेव्हा संकोच करू नका. आणि ग्राहकानं मेलाखाली नुसतं 'डेव्हिड' लिहिलं असेल, तर बिनधास्त 'डियर डेव्हिड' लिहा. 'मिस्टर' लावायचंच असेल तर आडनावाला लावा.