पांढऱ्या बॅकग्राउंडवर ग्रे टेक्स्ट किती हलका ठेवला तर चालतो?

तुम्ही लिहिलंय की पांढऱ्यावर #९९९९९९ या कलर कोडचा ग्रे टेक्स्ट ठेवलाय, दिसायला मस्त आहे पण काही जण वाचता येत नाही म्हणतात. ते बरोबरच बोलतायत हो. त्या जोडीचा कॉन्ट्रास्ट रेशो, म्हणजे अक्षरं आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणातला फरक सांगणारा आकडा, २.८५ भरतो आणि डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम) एए या मधल्या लेव्हलला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतो. #७६७६७६ घेतलात तर ४.५४, म्हणजे काठावर पास, आणि त्याहून किंचित हलका #७७७७७७ घेतलात की ४.४८, नापास, इथे राउंड करून ४.५ धरायचं नसतं. माझं मत विचाराल तर सलग वाचायच्या मजकुराला #५९५९५९ पेक्षा हलकं जाऊच नका, तिथे रेशो ७ मिळतो, आणि उन्हात मोबाइल धरून वाचणाऱ्यालाही जरा बरं पडतं. हेडिंग मोठं असेल, २४ पिक्सेल किंवा बोल्डमध्ये साधारण १९ पासून पुढे, तर ३ सुद्धा चालतो.

नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, कारण हा रेशो रंग कोणता यावर नाही तर तो किती उजळ आहे यावर निघतो आणि त्या हिशोबात हिरव्याचा वाटा ७१ टक्क्यांच्या वर, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणून भडक केशरी बटणावर पांढरी अक्षरं ठळक वाटतात पण रेशो २ च्या आसपासच येतो, तीच अक्षरं काळी केली की १० च्या वर जातो. ब्रँडचा रंग ठरलेला असेल तर तो पूर्ण बदलायची गरज नसते, तोच रंग थोडा गडद करत जा आणि आकडा बघत राहा, क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (पानाचा कोड तपासायची त्यातलीच सोय) टेक्स्टच्या कलरवर क्लिक केलं की रेशो तिथेच दिसतो.

मजकूर मराठीत असेल तर अजून एक, लाइट वेटचा, म्हणजे बारीक रेषांचा फॉन्ट टाळा. बारीक रेषा स्क्रीनवर उमटताना कडेचे पिक्सेल फिकट होतात, त्यामुळे आकडा पास असूनही अनुस्वाराचं टिंब आणि जोडाक्षरांच्या आतल्या रेषा पुसट होतात. रेग्युलर वेट ठेवा, लहान साइझला तर नक्कीच.

आणि फॉर्ममधला प्लेसहोल्डर (रिकाम्या चौकटीतला फिकट नमुना मजकूर), हॉवरचा (माउस वर नेल्यावरचा) रंग, डार्क मोड हे सगळं वेगवेगळं तपासा, एक पास झालं म्हणजे बाकीचं झालं असं नाही. फोटोवर टेक्स्ट असेल तर अक्षरांच्या रंगाशी सगळ्यात जवळ जाणारा फोटोतला भाग धरून मोजा, पांढरी अक्षरं असतील तर सगळ्यात उजळ भाग.