एक वर्षाच्या अंतराची दोन मुलं आणि घरचं व्याकरण

"एकत्र बसवलं तर धाकटा आधी उत्तर देऊन मोकळा होतो आणि थोरली गप्प बसते, वेगळं बसवलं तर माझा अख्खा दिवस त्यातच जातो, मग करायचं काय मॅडम?" होमस्कूलिंग करणाऱ्या आईबाबांकडून हा प्रश्न मला सारखा येतो, आणि मुलांमध्ये वर्ष-दीड वर्षाचंच अंतर असेल तर हमखास येतो. बहुतेक वेळा विषय व्याकरणाचाच असतो. गणित चुकलं तर आकडा चुकतो, मूल ते खोडून पुढे जातं, पण भाषा चुकली की त्याला वाटतं आपलं बोलणंच चुकलं, आणि तेही लहान भावासमोर.

एका आईच्या परवानगीने तिची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. थोरली नऊ वर्षांची, धाकटा आठ पूर्ण होत आलेला. आईने दोन इयत्तांची दोन व्याकरणाची पुस्तकं आणली होती आणि दोघांना आळीपाळीने घेऊन बसायची, तर दुसऱ्या खोलीत खेळणारा धाकटा तिथूनच ओरडून बहिणीची उत्तरं सांगायचा. मग कंटाळून तिने एकत्र सुरू केलं, आणि थोरलीचं "मला व्याकरण येतच नाही" चालू झालं.

मी म्हटलं, नेहमीसारखं शिकवा, मी नुसती बसते. आईने विचारलं, "'ती धावत आली', यात क्रियापद कोणतं?" वाक्य संपायच्या आत धाकटा "आली!" आई शाब्बास म्हणून पुढच्या वाक्यावर गेली, त्यात तिचं काही चुकलं असं नाही, कोणीही तेच केलं असतं. पण थोरलीने वहीवर तळवा ठेवला होता. नंतर मी वही पाहिली तर तिनेही "आली" असंच लिहिलेलं, "धावत" ला फसली नव्हती. म्हणजे उत्तर तिच्याकडे होतं, ते बाहेर यायला जागाच मिळाली नाही. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर अजून एक दिसलं, धाकटा तोंडी पटापट ओळखतो पण "फूल" ला पहिला उकार आणि "फुलाला" ला दुसरा, बरोब्बर उलटं, आणि थोरलीच्या वहीत असली चूक जवळपास नाहीच. एकाची इयत्ता वर आणि एकीची खाली असं काही नव्हतंच, दोघं वेगवेगळ्या गोष्टीत पुढे होते.

म्हणून मी पहिलं सांगितलं ते हे की दोन पुस्तकं बंद करा, एकच धडा दोघांना मिळून घ्या. आईला लगेच वाटलं, "मग थोरली एक वर्ष मागे नाही का पडणार?" नाही पडणार. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे दरवर्षी पुन्हा येतं, थोडं खोल जाऊन येतं एवढंच, त्यामुळे या वयात एखादा भाग वर्षभर लवकर किंवा उशिरा झाला तरी काही बिघडत नाही.

पण धडा एकत्र असला तरी उत्तर एकत्र नको! दोघांच्या हातात पाटी द्या, दोघांनी न बोलता लिहायचं आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच फिरवून दाखवायचं. एवढ्याने तोंडी घाईची शर्यत संपते. आणि वाक्य एकच ठेवून प्रश्न वेगळे विचारा, मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. "मुलाने पुस्तक वाचलं", "मुलाने गोष्ट वाचली". धाकट्याने फक्त क्रियापदाखाली रेघ मारायची आणि नीट लिहायचं, थोरलीने सांगायचं की वाचणारा तोच असताना क्रियापद का बदललं, ते कोणाच्या मागे गेलं? मग "मुलगा पुस्तक वाचतो, मुलगी पुस्तक वाचते" शेजारी ठेवायचं. कर्तरी (क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं), कर्मणी (कर्माप्रमाणे बदलतं) ही नावं नंतर सांगितली तरी चालतात, कारण मराठी बोलणारं मूल हे सगळं रोज बरोबरच बोलत असतं, त्याला फक्त ते दिसलेलं नसतं. काही आठवड्यांनी आईने फोनवर सांगितलं की थोरलीने आपणहून वाक्यं केली, "ताईने त्याला बोलावलं, त्याने ताईला बोलावलं", आणि म्हणाली, "आई, हे बोलावलं कोणाचंच ऐकत नाही!" क्रियापद कर्त्याप्रमाणेही बदलत नाही आणि कर्माप्रमाणेही नाही, तो भावे प्रयोग तिने स्वतः शोधला होता. धाकटा त्या वेळी शेजारीच होता आणि त्याने विचारलं, का नाही ऐकत? बहिणीला त्याने प्रश्न विचारल्याचं आईला फार अप्रूप वाटलं, मलाही.

वह्या मात्र पूर्ण वेगळ्या. प्रत्येकाच्या वहीत एका वेळी त्याच्या स्वतःच्या एक-दोनच चुका धरायच्या, धाकट्याचे ऱ्हस्व-दीर्घ, थोरलीचं विरामचिन्ह, बाकी सोडून द्यायचं. एकाची वही दुसऱ्याने तपासायची नाही, आणि जेवताना-खेळताना एकमेकांचं बोलणं सुधारायचं नाही हा नियम घरात मोठ्यांनाही लागू, कारण मुलं ती सवय आपल्याकडूनच उचलतात. धडा पंधरा-वीस मिनिटांत संपवा, दोघं रंगात आली असली तरी.

एक गोष्ट मात्र वयातल्या अंतरावर ढकलू नका. मोठं मूल साधं वाचतानाही अडखळत असेल, ओळी सुटत असतील, त्याच त्याच सोप्या शब्दाला प्रत्येक वेळी नव्याने अडत असेल, वाचायचं म्हटलं की पोटात दुखत असेल, तर तो व्याकरणाचा प्रश्न नाही. शिकण्यातल्या अडचणींची तपासणी करणाऱ्या मानसतज्ज्ञांना दाखवा. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण, कुटुंबात चालत येऊ शकतो, म्हणून धाकट्याच्या वाचनाकडेही लक्ष ठेवा, तो तोंडी कितीही चटपटीत असला तरी. या घरात तसं काही निघालं नाही. थोरली अजूनही नवीन धड्याला आधी धाकट्याच्या पाटीकडे बघते, म्हणून सध्या दोघांना पाठीला पाठ लावून बसवायला सांगितलंय.