मेकॅनिकल केलं, आता मध्येच पेशी कुठून आल्या?

प्रश्न : मुलगा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमला आहे. तोही याच लाइनला येईल असं धरून चाललो होतो. पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत एक व्याख्यान ऐकून आला आणि आता म्हणतो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जिवंत पेशींच्या थराच्या कॉम्प्युटर मॉडेलवर करणार, पुढे पीएचडीही त्यातच. बायोलॉजी त्याने दहावीनंतर पाहिलेली नाही. यात पोट भरेल का? त्याच्या गाईडशी मी बोलून बघू का?
– एक पालक, चिंचवड

उत्तर : नमस्कार. आधी एक धास्ती कमी करतो. चिरंजीव मेकॅनिकल सोडून कुठेही चाललेले नाहीत.

तुमच्याकडे नवीन ब्रॅकेट आला की सीएईवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर भागाची ताकद तपासणारे, त्याची मेश (बारीक तुकड्यांची जाळी) करतात, लोड लावतात आणि ताण कुठे साचतोय ते रंगांत बघतात. पेशींच्या थराचं गणितही ताण, दाब आणि लवचीकतेचंच. फरक असा, की ब्रॅकेट मुकाट्याने भार सोसतो, पेशी मात्र स्वतः जोर लावते. तिच्या कडेकडेने ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात, ते आकसतात आणि शेजारणीला ओढतात. वर ती विभागते, मरते, जागा बदलते. मटेरियल आपलं आपण हलतंय आणि मेशही सारखी बदलतेय, असं प्रकरण. ॲन्सिससारख्या तयार सीएई सॉफ्टवेअरच्या मेनूत बटणं दाबून इथे फार पुढे जाता येत नाही, कोड स्वतः लिहावा लागतो.

त्याने व्याख्यानात बहुधा व्हर्टेक्स मॉडेल पाहिलं असावं. त्यात प्रत्येक पेशी म्हणजे एक बहुभुज. तिला ठरावीक क्षेत्रफळ आणि ठरावीक परिमिती हवी असते, त्यापासून ढळली की ऊर्जा वाढते. कॉम्प्युटर कोपरे थोडेथोडे सरकवत ती ऊर्जा कमी करत जातो. दोन पेशींमधली कड आखडत शून्यावर आली की त्या दोघी सुटतात आणि वरच्या-खालच्या दोघी एकमेकींना भिडतात. गच्च भरलेल्या पीएमटीत पुढच्या स्टॉपला उतरणारा माणूस दाराकडे असाच सरकतो. फळमाशीच्या भ्रूणाचा मधला पट्टा अशाच अदलाबदलीतून दुपटीहून जास्त लांब होतो.

आता यातली गंमत. पेशीला हव्या असलेल्या परिमितीला हव्या असलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागायचं. हा आकडा साधारण ३.८१च्या खाली असेल तर अख्खा थर घन पदार्थासारखा ताठ राहतो, वर गेला की वाहायला लागतो. नियमित पंचकोनाचा आकडाही नेमका तेवढाच, षटकोनाचा ३.७२. हे २०१५ साली मॉडेलमधून पुढे आलं. त्याच वर्षी दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तेव्हा त्या निरोगी पेशींपेक्षा उशिरा स्थिरावताना, म्हणजे वाहणं थांबवून ताठ होताना दिसल्या, आणि त्यांच्या आकाराचे आकडे याच हिशेबाशी जुळले. असलं काही ऐकून आलेला मुलगा चार दिवस हवेत असणारच. त्याला नावं ठेवू नका.

मात्र पडद्यावर हलणाऱ्या रंगीत पेशी आवडणं वेगळं आणि हे काम आवडणं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचं इथेच फसतं. म्हणून येत्या सुट्टीत त्याला एकच काम द्या : शंभर पेशींचं व्हर्टेक्स मॉडेल पायथनमध्ये स्वतः लिहायचं आणि ३.८१च्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते दाखवायचं. ऊर्जेचं सूत्र सोपं आहे, जीव जातो तो कडांच्या अदलाबदलीत. कुठला कोपरा कोणत्या पेशींचा, कोणत्या क्रमाने, याची नोंद एका जागी चुकली की बहुभुजाला पीळ पडतो, क्षेत्रफळ उणे येतं आणि सगळा थर पडद्याबाहेर उडतो. हे शोधत बसायला त्याला मजा आली तर मुलगा या वाटेचा आहे. यासाठी घरचा लॅपटॉप पुरतो. आयसरमधला ‘परम ब्रह्म’ महासंगणक लागेल असं तो म्हणाला, तर हसून सोडून द्या. कंप्युसेल३डी हे तयार सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते नंतर.

बायोलॉजीची काळजी मला कमी वाटते. अख्खी कोणीच मागत नाही. पेशीची रचना, चिकटून राहण्याची यंत्रणा, भ्रूण वाढतो कसा, एवढं वर्षभरात वाचून होतं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांत मेकॅनोबायोलॉजीचा, म्हणजे पेशींमधल्या जोर-ताणाचा कोर्सही आहे. उलट बायोलॉजीच्या मुलांना कंटिन्युअम मेकॅनिक्स, म्हणजे सलग पदार्थातल्या ताणाचं गणित शिकवणं फार जड जातं.

पोटाचं स्पष्ट सांगतो. पेशींची मॉडेल्स करण्याच्या नोकरीची जाहिरात तुम्हाला हिंजवडीत दिसणार नाही. हे संशोधनाचं क्षेत्र आहे, पीएचडीशिवाय इथे कोणी विचारत नाही, आणि ती पाच-सहा वर्षं खाते. २०२३पासून केंद्राची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. त्यात माणूस स्वतःपुरता राहतो, घरी पाठवायला फार उरत नाही. गेट ही प्रवेशपरीक्षा मेकॅनिकलच्याच पेपरने द्यावी. चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीला घेणाऱ्या संस्थाही आहेत, त्यांचे नियम दरवर्षी तपासायचे. मुंबई आयआयटी, बेंगळुरूचं एनसीबीएस आणि हैदराबादचं टीआयएफआर या संशोधन संस्थांत या विषयावर काम चालतं.

पीएचडीनंतर प्राध्यापकी मिळालीच नाही तर? स्टेंट, इम्प्लांट, अवयवांची मॉडेल्स इकडे वळता येतं. कॅटिया हे डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दासो सिस्टिम्सने २०१४मध्ये हृदयाच्या मॉडेलचा ‘लिव्हिंग हार्ट’ प्रकल्प सुरू केला. त्या कंपनीचं पुण्यातही मोठं केंद्र आहे. ते काम अवयवाच्या पातळीवरचं, पेशींचं नाही, पण हात तेच लागतात. शिवाय स्वतः सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा कोड लिहिलेल्या माणसाला सीएईची दारं उघडीच असतात.

तुमच्यावर गृहकर्ज असेल आणि त्याच्या पगाराकडे डोळे लागले असतील, तर ते त्याला आजच सांगा, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नको. दोन वर्षं सीएईत नोकरी करून मग गेट देता येते, गुण तीन वर्षं चालतात. त्यात कमीपणा काही नाही.

राहिला गाईडचा प्रश्न. तुम्ही फोन करू नका. विषय पटवून देणं हे त्याचं काम आहे, आणि हातात चालणारा कोड असेल तर सरांनाही नाही म्हणणं अवघड जाईल.