विमान टेकल्यावर इंजिनाचं झाकण का सरकतं?

प्रश्न : कृषी प्रदर्शन पाहून आम्ही दोघं दिल्लीहून विमानानं चिकलठाण्याला आलो. नुकताच पाऊस पडून गेला होता. माझी जागा पंखाच्या थोडी मागं, खिडकीशी. चाकं टेकली आणि इंजिनाच्या झाकणाचा मागचा भाग एकदम मागं सरकला, मधली जाळी उघडी पडली आणि असा आवाज सुरू झाला की बायकोनं माझा हात घट्ट धरला. शेजारचे म्हणाले, इंजिन उलटं फिरवलं. खरंच फिरवतात का? हे आकाशात चुकून उघडलं तर काय? आणि उलटा जोर असतोच, तर विमान मागं घ्यायला ट्रॅक्टर कशाला लावतात?
– एक शेतकरी वाचक, घनसावंगी, जि. जालना

उत्तर : इंजिन उलटं फिरत नाही, फिरूच शकत नाही. पुढून हवा ओढायची, दाबायची, तीत इंधन जाळायचं आणि मागं सोडायची, हा क्रम त्याच्या पात्यांच्या आकारातच घडवलेला असतो. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. तुम्ही पाहिलेली जाळी मी रात्रपाळीला टॉर्च लावून, एकेक पट्टी बोटांनी चाचपून तपासत आलो आहे. तिथूनच सांगतो.

इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा दिसतो, त्यानं ओढलेली बहुतेक हवा जळायला जातच नाही. ए-३२० निओसारख्या विमानात एक भाग हवा इंधन जळतं त्या गाभ्यात शिरते, तर अकरा-बारा भाग गाभ्याच्या बाहेरून, झाकणाच्या आतल्या पोकळीतून तशीच थंड मागं जाते. विमान पुढं ढकलण्याचं मोठं काम हीच हवा करते. झाकणाचा मागचा भाग सरकला की आतली दारं (ब्लॉकर डोअर) आडवी येऊन या पोकळीची मागची वाट बंद करतात. मग हवेला एकच वाट उरते, त्या जाळीची. तिला आम्ही कॅस्केड म्हणतो. तिच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेला बाहेर आणि पुढच्या दिशेला फेकतात. गव्हाला दारं धरताना तुम्ही हेच करता : मोटार उलटी फिरवत नाही, पाटात खोऱ्यानं माती ओढता आणि पाणी वाफ्यात वळतं.

गाभ्यातली गरम हवा मात्र तेव्हाही मागंच जात असते. शिवाय वळवलेली हवा सरळ पुढं न जाता तिरकी जाते. त्यामुळं उलटा जोर पूर्ण पुढच्या जोराच्या निम्म्यापेक्षाही कमी भरतो. आवाज वाढतो तो वैमानिक त्याच वेळी इंजिनाचा वेग वाढवतो आणि हवा बाजूनं फुटून बाहेर पडते म्हणून. त्या आवाजाला घाबरू नका. यंत्रणा नीट चालल्याची ती खूण आहे. जुन्या ए-३२० च्या काही इंजिनांवर झाकण सरकत नाही, प्रत्येकी चार दारं बाहेर उघडतात. एटीआरसारख्या, बाहेर उघडा पंखा असलेल्या विमानात तर पात्यांचा कोनच बदलतात.

विमान थांबवण्याचं मुख्य काम तरीही चाकांच्या ब्रेकचंच. कोरड्या धावपट्टीवर उतरायला किती लांबी लागेल, याचा उड्डाणापूर्वीचा हिशेब रिव्हर्सची, म्हणजे या उलट्या जोराची, मदत शून्य धरून करतात. त्यातही जेट विमान धावपट्टीच्या साठ टक्के लांबीत थांबलं पाहिजे, असा नियम. मग एवढी जड यंत्रणा कशाला वाहून न्यायची? उत्तर तुमच्याच पावसात आहे. ब्रेकची ताकद टायर जमिनीला किती धरतो यावर ठरते. विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगानं टेकतं, तेव्हा पंख अजून त्याला थोडं उचलून धरत असतात आणि धावपट्टीवर पाणी असेल तर पकड आणखी सुटते. पंखावरच्या फळ्या, म्हणजे स्पॉयलर, उभ्या राहतात त्या ही उचल मोडायला. रिव्हर्सला जमिनीशी देणंघेणं नाही. ओलं असो, निसरडं असो, त्याचा जोर तेवढाच, आणि वेग जास्त असतानाच तो सर्वांत उपयोगी. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या खाली आलं की वैमानिक तो कमी करतात, नाहीतर पुढं फेकलेली हवा धूळ-खडे घेऊन पुन्हा इंजिनातच शिरते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. हे आकाशात घडलेलं आहे. २६ मे १९९१ रोजी बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेलं लौडा एअर या विमान कंपनीचं बोइंग ७६७ उंच चढत असताना डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर, म्हणजे हीच झाकण-जाळीची यंत्रणा, उघडला. वळलेली हवा पंखावरून गेली, डाव्या पंखाची उचल सुमारे पाव भागानं घटली आणि विमान क्षणात हाताबाहेर गेलं. सगळे २२३ जण गेले. असं झालं तरी विमान सांभाळता येतं, असं तोवर मानलं जाई, कारण चाचण्या कमी वेगात झाल्या होत्या. कंपनीचे मालक, कार शर्यतींचे जगज्जेते निकी लौडा, यांनी स्वतः सिम्युलेटरवर, म्हणजे विमान चालवण्याच्या सरावयंत्रावर, बसून ते सांभाळता येत नाही हे दाखवलं. त्यानंतर रिव्हर्सर बंद ठेवणाऱ्या आधीच्या कुलपांवर आणखी एक स्वतंत्र कुलूप आलं. आज चाकांवर भार आल्याची किंवा विमान जमिनीलगत आल्याची खात्री यंत्रणेला पटल्याशिवाय ते उघडत नाही. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. कुलपाच्या तपासणीच्या कागदावर सही करण्याआधी ते पुन्हा एकदा पाहायची सवय मला त्या अपघातानं लावली आणि ती शेवटच्या पाळीपर्यंत सुटली नाही.

राहिला ट्रॅक्टर. अमेरिकेत डीसी-९ सारखी विमानं रिव्हर्सवर स्वतः मागं येत असत. त्यांची इंजिनं शेपटीजवळ, उंचावर. तुमच्या विमानाची पंखाखाली, जमिनीपासून हातभर. तिथं असं केलं तर खडे उडून इंजिनात जातील आणि भोवती काम करणाऱ्यांना लागतील. इंधनही उगाच जळतं. शिवाय मागं जाताना ब्रेक मारला तर विमान शेपटीवर बसू शकतं.