पहिला संयुक्त प्रयोग आखताना

पहिल्याच बैठकीत ‘काय बनवायचं’ यावर तास घालवू नकोस. आधी एका ओळीत प्रश्न लिही: मानकाच्या, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना माहिती कशी द्यायची याच्या नियमांच्या, मसुद्यातलं कोणतं कलम आपण तपासतोय? दोन संस्थांनी एकमेकींचा कोड न बघता, फक्त मसुदा वाचून आपापलं सॉफ्टवेअर लिहायचं आणि ते एकमेकांशी बोलतं का ते बघायचं. इंटरनेटच्या मानकांत ही जुनी अट होती. १९९६च्या आरएफसी २०२६मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) मानकाच्या पुढच्या पायरीसाठी अशा दोन स्वतंत्र अंमलबजावण्या मागितल्या होत्या.

दिंडोरीच्या द्राक्षबागेतला आमचा प्रयोग सांगतो. मातीच्या ओलाव्याचे दोन सेन्सर, एकाच ड्रिपच्या नळीशेजारी. एकाकडून आकडा आला २७, दुसऱ्याकडून ०.२७. दोन्ही बरोबर! एकाने टक्के धरले होते, दुसऱ्याने अपूर्णांक. वेळेतही साडेपाच तासांचा फरक, कारण एकाने यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिली आणि दुसऱ्याने आपली घड्याळाची वेळ. हे कोणाच्या कोडचं पाप नव्हतं, मसुदाच संदिग्ध होता. म्हणून सेन्सरथिंग्ज एपीआयसारख्या सेन्सरच्या माहितीसाठीच्या मानकात प्रत्येक डेटास्ट्रीमसोबत (एका सेन्सरच्या एका मापाच्या नोंदींच्या मालिकेसोबत) एकक लिहावं लागतं, ते मला मनापासून पटतं.

अशी फसगत झाली की ती त्याच दिवशी नोंदव: कलम क्रमांक, काय पाठवलं, काय मिळालं.

आणि तारखा बागायतदाराला विचारून ठरव. ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची) सुरू झाली की त्याच्याकडे आपल्यासाठी वेळ नसतो, तेव्हा सेन्सर सप्टेंबरातच पुरून घे. सातपूरच्या ऑफिसात जुळवाजुळव आधी एकदा करून बघ, मगच बागेत जा.