एमएस-सीआयटी की एमओएस?

कॉम्प्युटरचं यातलं कोणतं प्रमाणपत्र घ्यावं हे ठरवण्याआधी सांग, नोकरी कुठे हवीय? सरकारी भरतीकडे डोळे असतील तर एमकेसीएलचं (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचं) एमएस-सीआयटी, म्हणजे कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स, करून टाक, जाहिरातींत बहुधा त्याचं नाव असतं. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंगही लागतं.

खासगीत, अकाउंट्स किंवा एमआयएसकडे (कंपनीच्या आकडेवारीचे अहवाल बनवण्याकडे) जाणार असशील तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट, म्हणजेच एमओएस, तेही एक्सेलचं. वर्ड-पॉवरपॉइंटवर पैसे घालू नकोस, असं माझं मत. परीक्षा थेट एक्सेलमध्येच होते: 50 मिनिटं, पास व्हायला 1000 पैकी 700. घोकंपट्टीचं तिथे काम नाही. पहिल्या खेपेला मी वेळेतच मार खाल्ला, एकेक बटण माउसने शोधत बसलो होतो. त्यामुळे फी भरण्याआधी महिनाभर रोज तासभर घड्याळ लावून सराव कर. आणि क्लासवाल्याला आधी विचार, प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टचं मिळणार की त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवरचं?