बोक्याच्या मिशा आणि पार्किंगमधला बिबट्या

प्रश्न : आमच्या पिवळ्या-पांढऱ्या बोक्याचे व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केले. मिशा गायब होतात, कानाचं टोक कापलं जातं आणि वर लिहिलेल्या ‘गर्दी करू नका’मधला रफार उडतो. संचही उघडत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुखणं फोटोपासून सुरू होतं. कडा कापणारं अ‍ॅप प्राणी आणि पार्श्वभूमी यांतला फरक शोधतं. पांढरं पोट पांढऱ्या फरशीवर असलं की ते गोंधळतं. बोक्यामागे गडद, बिननक्षीची चादर टाका. उजेड खिडकीतून, बाजूने यावा. फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, स्क्रीनवर डोळ्यावरच बोट टेकवून फोकस करा आणि कानांच्या वर चांगली मोकळी जागा सोडा.

खऱ्या मिशा जपायच्या नादी लागू नका. केसाएवढी रेघ 512 पिक्सेलच्या चौकटीत टिकली, तरी चॅटमधल्या आकाराला दिसत नाही. कापून झाल्यावर ब्रशने दोन्हीकडे तीन-तीन जाडसर मिशा काढा. लबाडी आहे खरी, पण बोका तक्रार करत नाही.

दुसऱ्या अ‍ॅपमधून संच चढवत असाल तर मापं पाळावीच लागतात : वेबपी (.webp या चित्रप्रकारातली) फाइल, 512 × 512 पिक्सेल, पारदर्शक पार्श्वभूमी. स्थिर स्टिकर 100 केबीच्या आत, हलता 500 केबीच्या आत आणि 10 सेकंदांपर्यंत. चारी बाजूंना 16 पिक्सेल मोकळे ठेवा. चित्राभोवती 8 पिक्सेलची पांढरी किनार दिली की गडद चॅटवरही ते उठून दिसतं. संचाचं छोटं चिन्ह 96 × 96, 50 केबीच्या आत. संचात कमीत कमी 3, जास्तीत जास्त 30 स्टिकर. संच उघडत नाही तेव्हा बहुधा दोनच स्टिकर घातलेले असतात, नाहीतर एखादी फाइल 100 केबी ओलांडून गेलेली असते.

रफाराचं म्हणाल, तर वरचा भाग छाटला जात असेल तेव्हा मजकुराची चौकट उंच करा. पण ‘गर्दी’चं ‘गर्‌दी’ होत असेल, तर त्या अ‍ॅपला देवनागरी जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत. फोनमधल्या नोट्समध्ये मोठ्या अक्षरात टाइप करा, स्क्रीनशॉट घ्या आणि तो चित्र म्हणून चिकटवा. तीन शब्द बास. चौथा शब्द वाचायला भिंग लागतं.

प्रश्न : ‘काल रात्री आपल्याच पार्किंगमध्ये’ असं म्हणत बिबट्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर येतो. खरा-खोटा कसा ओळखायचा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी ठिपके बघा. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर फुलासारखी पोकळ वर्तुळं असतात. वर्तुळाच्या आत पुन्हा काळे ठिपके दिसले तर तो जॅग्वार, म्हणजे व्हिडिओ अमेरिका खंडातला. ठिपके भरीव आणि डोळ्यापासून तोंडाकडे काळी रेघ असेल तर चित्ता.

मग व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या, त्यातला एक तरी भिंत, गेट किंवा पाटी दिसेल असा, आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्सवर टाका. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटवून पुन्हा शोधा. जुने व्हिडिओ बऱ्याचदा उलटवून फिरवतात. गाडीची नंबरप्लेट उलटी दिसली तर समजून जा. एआयने बनवलेल्या व्हिडिओत चालताना ठिपके जागा सोडतात, मागचा पाय पुढच्या पायात विरघळतो आणि पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतात.

तरी खोटं ठरवायची घाई नको. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांत बिबटे खरोखर येतात. शंका राहिली तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. ग्रुपवर ढकलून काही होत नाही.

प्रश्न : ती जगप्रसिद्ध चिडकी मांजर खरंच चिडकी होती का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजिबात नाही. ग्रम्पी कॅट म्हणून गाजलेली टार्डर सॉस ही अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची. तिचा फोटो 2012 मध्ये पसरला. जबड्याची ठेवण आणि जन्मजात खुजेपणा यांमुळे चेहरा तसा दिसायचा. मे 2019 मध्ये, सात वर्षांची असताना ती गेली.

प्रश्न : गुदगुल्या केल्या की हात वर करणारं ते मोठ्या डोळ्यांचं पिल्लू पाळता येतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. तो स्लो लोरिस, माकडांच्या दूरच्या नात्यातला छोटा प्राणी, आणि ते पिल्लूच असतं असंही नाही. हात वर करणं हा त्याचा बचाव आहे : कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव तो चाटतो, तो लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. म्हणूनच विकणारे त्याचे दात नेलकटरने तोडतात. हा निशाचर प्राणी आहे, खोलीतल्या झगझगीत उजेडाचा त्याला त्रास होतो. 2007 पासून सगळ्या स्लो लोरिसांच्या व्यापारी आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीवर बंदी आहे, आणि भारतात ईशान्येकडे आढळणाऱ्या जातीला वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे.

प्रश्न : मांजरीमागे काकडी ठेवली तर ती उडी मारते. करून बघू? एकदा केलं, तर आता ती वाटीजवळ फिरकत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पुन्हा करू नका. भीती काकडीची नाही. खाताना मागे चोरपावलांनी काहीतरी अवतरलं याची आहे. ओट्याच्या कडेवर आपटून दुखापतही होते. आता वाटी दुसऱ्या जागी हलवा, भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे ती भिंतीकडे पाठ करून, दाराकडे बघत खाईल. आवडीचं चमचाभर खाणं वाटीत ठेवून लांब व्हा, उचलून वाटीपाशी आणू नका. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांकडे न्या. लठ्ठ मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साठू लागते, आणि ते जिवावर बेतू शकतं.